विरहाचा स्वर : उस्ताद अब्दुल करीम खाँ

कैराना, बडोदे, पुणे आणि मिरज या चार गावांत उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे आयुष्य विभागले गेले. त्यांचा संसार मोडला, विद्यालय बंद पडले. पण तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांत त्यांनी मागे ठेवलेला करुण स्वर आज नव्वद वर्षांच्या घरात पोहोचला तरी विझलेला नाही. त्या स्वराची आणि तो धारण करणाऱ्या माणसाची ही कहाणी.

पुण्यात डिसेंबर उजाडला की रसिकांना सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचे वेध लागतात. १९५३ मध्ये सुरू झालेल्या या महोत्सवाने शहराच्या तीन पिढ्यांना रागसंगीताची गोडी लावली. ज्यांच्या नावाने तो भरतो ते रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व पुणेकरांना परिचित आहेत. रामभाऊ ज्यांच्या पायाशी बसून शिकले, त्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे नावही बहुतेकांच्या कानांवरून गेलेले असते. मात्र या खाँसाहेबांनी याच शहरात एक संगीत विद्यालय चालवले, महाराष्ट्रात संसार मांडला आणि तो मोडलेलाही पाहिला, याची आठवण सहसा कोणी काढीत नाही. त्यांच्या मागे राहिला तो मोजक्या तबकड्यांचा संच. प्रत्येक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. हा संच सलग ऐकला तर एकाच माणसाने निरनिराळ्या रागांतून एकच गोष्ट सांगितली असावी, असे वाटू लागते. ती गोष्ट विरहाची आहे.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ चा. आजच्या उत्तर प्रदेशातील शामली जिल्ह्यात असलेले कैराना हे त्यांचे गाव. त्यावरूनच त्यांच्या घराण्याला किराणा हे नाव पडले. वडील काले खाँ यांच्या घरात गाणे आणि सारंगी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. सारंगीच्या सान्निध्यात वाढलेल्या गवयाचा कान वेगळा घडतो. सारंगी दोन स्वरांमधील अंतर तोडून टाकीत नाही, ते घासून, ओढून, कमावून दाखवते. खाँसाहेबांच्या गळ्यात पुढे जी अखंड मींड आली, एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली वाट न सोडण्याची जी सवय आली, तिचे मूळ या वाद्यात शोधता येते. किराणा परंपरेत बीनकार बंदे अली खाँ यांचे नावही आदराने घेतले जाते. हे बंदे अली आयुष्याच्या अखेरच्या पर्वात पुण्यात राहिले आणि येथेच त्यांनी देह ठेवला. म्हणजे खाँसाहेब येण्याआधीच त्यांच्या परंपरेची एक पाऊलवाट या शहरापर्यंत येऊन पोहोचली होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तरुण अब्दुल करीम आपल्या भावासह बडोद्यास आले. सयाजीराव गायकवाडांच्या संस्थानात कलावंतांना मान होता. दरबारी गवई म्हणून त्यांचे बस्तान बसत असतानाच त्यांच्या आयुष्याला कायमचे वळण देणारी घटना घडली. सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई यांना ते गाणे शिकवीत. शिकवणीचे रूपांतर अनुरागात झाले. एक मुसलमान गवई आणि एक मराठा सरदारकन्या यांचे लग्न त्या काळी कोणत्याही दरबाराने मान्य केले नसते. खाँसाहेबांचे त्याआधी एक लग्नही झालेले होते; नात्यातले गवई अब्दुल वहीद खाँ यांच्या भगिनी गफूरन या त्यांच्या पत्नी होत्या. अखेर अब्दुल करीम आणि ताराबाई यांनी बडोदे सोडले. दरबारचा आसरा गेला, माहेर तुटले आणि दोघांच्या वाट्याला मुंबई, मिरज अशी भटकंती आली.

मिरजेशी खाँसाहेबांचा ऋणानुबंध जुळला तो याच काळात. गावात प्लेगची साथ असताना त्यांना त्या रोगाने गाठले आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायनसेवा केल्यावर त्यांना उतार पडला, अशी आख्यायिका मिरजेत सांगितली जाते. आख्यायिकेचा भाग सोडला तरी त्यांची त्या दर्ग्यावरील श्रद्धा आयुष्यभर टिकली, हे खरे. मिरजेचे दुसरे आकर्षण होते ते तेथील तंतुवाद्यांच्या कारागिरांचे. भोपळा निवडण्यापासून जवारी काढण्यापर्यंतची कामे पिढीजात करणाऱ्या या कारागिरांचे तंबोरे देशभर जात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्या कीर्तीवर सरकारी मोहोर उमटली. खाँसाहेबांसाठी तंबोरा हे साथीचे वाद्य नव्हते. गाणे त्यातूनच उगवत असे. तंबोरे जुळवण्यात ते वेळेचा हिशेब ठेवीत नसत. त्यांनी टिपू नावाच्या कुत्र्यालाही स्वर लावायला शिकवले होते, असे सांगतात. ही गोष्ट हसण्यावारी नेली तरी सुराचे वेड त्यांना कुठवर घेऊन गेले होते, हे तिच्यातून कळते.

या वेडाला एक शास्त्रीय बाजूही होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी सेवेतील इंग्रज न्यायाधीश ई. क्लेमेंट्स हे दोघे विसाव्या शतकाच्या प्रारंभी बावीस श्रुतींचा शोध घेत होते. सप्तकात बारा सुरांपलीकडे जी सूक्ष्म स्थाने भारतीय गळा घेतो ती मोजता येतील का, हा त्यांचा प्रश्न होता. त्यासाठी त्यांना असा गळा हवा होता की जो एखादी श्रुती मागितली असता दर वेळी नेमकी तीच देऊ शकेल. तो गळा खाँसाहेबांचा होता. देवलांचा यासंबंधीचा ग्रंथ १९१० मध्ये आणि क्लेमेंट्स यांचा १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. घराणेदार उस्ताद आपली विद्या झाकून ठेवतात अशी तक्रार सर्वत्र असण्याच्या त्या काळात एका उस्तादाने आपला कंठ मोजमापासाठी खुला करावा, ही साधी गोष्ट नव्हती.

१९१३ मध्येच खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय स्थापन केले. ते वर्ष पुण्याच्या सांस्कृतिक इतिहासात लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण त्याच वर्षी बालगंधर्वांनी गंधर्व नाटक मंडळीची उभारणी केली. एकीकडे मराठी मध्यमवर्ग रंगभूमीवरच्या पदांनी भारावून गेला होता, दुसरीकडे विष्णु दिगंबर पलुसकरांच्या गांधर्व महाविद्यालयाने संगीताला शाळेचे रूप दिले होते. खाँसाहेबांच्या विद्यालयाने या दोन्हींमधली वाट घेतली. संस्थेचे नाव नव्या युगाचे होते, जाहीर जलसे होते. पण शिकवण्याची रीत मात्र जुन्या गुरुगृहाची होती. शिष्य गुरूच्या घरी राहात, तेथेच जेवत आणि तंबोऱ्यावर तासन्‌तास खर्ज भरीत. या सगळ्या पसाऱ्याचा खर्च खाँसाहेबांच्या मैफलींच्या मिळकतीवर चाले. १९१७ मध्ये विद्यालयाची शाखा मुंबईत निघाली. ताराबाई या प्रपंचात बरोबरीने राबत होत्या. घर आणि विद्यालय यांच्यात भिंत अशी नव्हतीच.

या परंपरेतून तयार झालेल्या शिष्यांमध्ये रामभाऊ कुंदगोळकर अग्रणी. रामभाऊ नाटकाकडे वळले तेव्हा खाँसाहेबांना ते रुचले नाही. रंगभूमी गळ्याचा आणि रियाजाचा घास घेते, असे त्यांचे मत होते. पुढे रामभाऊंना सवाई गंधर्व ही उपाधी मिळाली ती रंगभूमीमुळेच, आणि त्यांनी किराण्याची गायकी महाराष्ट्र-कर्नाटकात रुजवली ती मात्र गुरूने दिलेल्या शिदोरीवर. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी हे आणखी एक निष्ठावंत शिष्य. त्यांनी लिहिलेले गुरूचे बृहद् चरित्र १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले.

बाहेरून सारे बहरलेले दिसत असताना आतून घर उसवत चालले होते. अब्दुल करीम आणि ताराबाई यांना पाच अपत्ये होती. अब्दुल रहमान, अब्दुल हमीद, चंपाकली, गुलाब आणि सकीना ही त्यांची नावे. १९२० ते २२ या सुमारास ताराबाईंनी पतीचे घर सोडले आणि मुलांना घेऊन त्या वेगळ्या झाल्या. त्यांनी मुलांना नवी नावे दिली आणि बापाऐवजी आपल्या माहेरचे वा गावाचे नाव लावले. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले, अब्दुल हमीद कृष्णराव माने, चंपाकली हिराबाई बडोदेकर, गुलाब कमलाबाई बडोदेकर आणि सकीना सरस्वती माने. या शेवटच्या कन्येला महाराष्ट्राने पुढे सरस्वतीबाई राणे म्हणून डोक्यावर घेतले. एका बाईने एकटीने पाच मुलांसह उभे राहायचे ठरवले, तर त्या काळच्या समाजात नाव हेच पहिले संरक्षण होते, हे समजून घेतले पाहिजे. ताराबाईंच्या निर्णयामागे कोणती दुःखे होती, याचा न्याय करण्याचा अधिकार आज कोणालाच नाही. मात्र दुसऱ्या बाजूला आपली पाचही मुले निराळ्या नावांनी जगाला माहीत होत असताना पाहणारा एक बापही होता.

खाँसाहेब मिरजेत स्थिरावले. पुढे त्यांची शिष्या बानूबाई लाटकर त्यांच्या पत्नी झाल्या. गायिका म्हणून त्या सरस्वतीबाई मिरजकर या नावाने ओळखल्या जात. मैफलींसाठी त्यांचे दक्षिणेत जाणे वाढले. म्हैसूरच्या दरबारात त्यांचा सन्मान होत असे. वाटेत धारवाडला मुक्काम पडला की ते अंबाबाई या कर्नाटक पद्धतीच्या गायिकेचे गाणे ऐकायला आवर्जून जात. या अंबाबाईंची मुलगी म्हणजेच गंगूबाई हनगल. उत्तर हिंदुस्थानी गवयाने दक्षिणी गाणे शिष्यभावाने ऐकावे, ही तेव्हा अपूर्वाई होती. खाँसाहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी त्यागराजांची कृती आत्मसात केली आणि तिची तबकडीही काढली. त्यांच्या सरगमीवर दक्षिणेची जी छाया आहे ती या ऐकण्यातून आलेली.

आता त्या तबकड्यांकडे वळायला हवे. खाँसाहेबांचे पहिले ध्वनिमुद्रण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले, म्हणजे भारतात ग्रामोफोन नुकता रांगू लागला होता तेव्हाचे. त्या वेळी मायक्रोफोन नव्हता. गायकाला मोठ्या कर्ण्यात तोंड घालून खड्या आवाजात गावे लागे, कारण आवाजाच्या धक्क्यानेच सुई मेणावर रेघ ओढीत असे. हळुवार स्वर त्या यंत्राला ऐकूच येत नसे. खाँसाहेबांची त्या काळची गाणी द्रुत लयीची, तानांनी भरलेली, तरुण गवयाच्या ईर्षेची आहेत. त्यानंतर मध्ये बराच काळ गेला. १९२५ नंतर जगभर विद्युत ध्वनिमुद्रण आले, आणि १९३०च्या दशकाच्या मध्यास ओडियन या मूळच्या जर्मन कंपनीच्या भारतीय शाखेसाठी साठीतले खाँसाहेब पुन्हा गायले. आज ज्या तबकड्यांमुळे ते आपल्याला माहीत आहेत त्या मुख्यतः याच.

या दुसऱ्या पर्वातला आवाज बारीक, टोकदार आणि किंचित सानुनासिक आहे. तो कोठेही जोर लावीत नाही. झिंझोटीतील त्यांची प्रसिद्ध ठुमरी घ्या. प्रियाविना चैन नसल्याची भावना सांगणारी ही रचना त्यांनी मंद्र सप्तकाशी सलगी ठेवून गायली आहे. स्वर षड्‌जाखाली उतरतो, तेथे क्षणभर घुटमळतो आणि परत यायला जणू धजावत नाही. जोगियात कोमल रिषभ ते असा लावतात की तो षड्‌जाला टेकलाही नाही आणि सुटलाही नाही. भैरवीत तक्रार नाही, फक्त वाट पाहणे आहे. वसंतासारख्या ऋतूच्या उल्हासाने भरलेल्या रागातही त्यांचा स्वर उत्सवाकडे दुरून पाहणाऱ्याचा वाटतो. मानापमान नाटकातील ‘चंद्रिका ही जणू’ हे पदही त्यांनी देवगंधारात ध्वनिमुद्रित केले. नाटकाकडे वळलेल्या शिष्यावर नाराज झालेल्या उस्तादाने नाट्यपद गावे, यात मौज आहे. पण ते ऐकताना रंगभूमी विसरायला होते आणि केवळ चांदणे उरते.

सर्व करुण संगीताबाबत विचारला जाणारा प्रश्न येथेही उभा राहतो. गायकाचे दुःख गाण्यात उतरते का? लिस्बनच्या फादोपासून तुर्कस्तानच्या अरबेस्कपर्यंत विसाव्या शतकातील अनेक नगरांनी आपापली व्यथा तबकड्यांतून ऐकली आणि तेथील श्रोत्यांनी गायकाच्या चरित्रातच तिचे कारण शोधले. ताराबाई गेल्यानंतर खाँसाहेबांचे गाणे अंतर्मुख झाले, असे मानणारे अनेक आहेत, आणि दोन पर्वांतील तबकड्या शेजारी ठेवल्या तर तसे वाटणे स्वाभाविकही आहे. तरीही एवढ्यावर थांबणे हा त्यांच्या साधनेवर अन्याय ठरेल. यंत्र बदलले होते. जो नाजूकपणा पूर्वी कर्ण्याला पकडता येत नव्हता तो आता मायक्रोफोनला पकडता येत होता. वय वाढले होते आणि तानांची ईर्षा ओसरली होती. सर्वात महत्त्वाचे म्हणजे एकेक स्वर उलगडत रागाची बढत करण्याची त्यांची पद्धत मुळातच धीर धरणाऱ्या माणसाची होती. दुःखाने हा स्वर निर्माण केला नाही. तो आधीपासून होता. दुःखाने त्याला बहुधा राहायला घर दिले. घर मोडलेला प्रत्येक माणूस असे गात नाही, हे आपण विसरता कामा नये.

त्या तीन मिनिटांनी नंतर जो प्रवास केला तो थक्क करणारा आहे. १९३५ च्या ‘देवदास’ चित्रपटात कुंदनलाल सैगल यांनी हीच झिंझोटीतील ठुमरी आपल्या ढंगाने गायली आणि ती रागसंगीताचा गंध नसलेल्या लाखो घरांत पोहोचली. गदगमध्ये एका लहान मुलाच्या कानांवर खाँसाहेबांची तबकडी पडली आणि असे गाता आले पाहिजे या एकाच ध्यासाने १९३३ मध्ये त्याने घर सोडले. गुरूच्या शोधात उत्तर हिंदुस्थान पालथा घालून तो अखेर कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे आला. हे भीमसेन जोशी पुढे पुण्याचे झाले आणि त्यांनी गुरूच्या स्मरणार्थ आरंभलेला महोत्सव पुण्याची ओळख झाला. महोत्सव भरवणाऱ्या आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या नावातले पहिले दोन शब्द वाचताना खाँसाहेबांच्या विद्यालयाची आठवण झाल्याशिवाय राहात नाही. खाँसाहेबांच्या अखेरच्या वर्षांत त्यांच्याकडे शिकलेल्या रोशनआरा बेगम फाळणीनंतर पाकिस्तानात गेल्या आणि किराण्याचा सूर सीमेपलीकडेही राहिला.

सर्वात हृद्य प्रवास झाला तो त्यांच्याच घरात. नावे बदलली तरी गळे बदलले नव्हते. सुरेशबाबूंना लहानपणी वडिलांकडून मिळालेली तालीम आणि नंतर अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून हिराबाईंना व सुरेशबाबूंना मिळालेले शिक्षण यांतून किराण्याचीच वेल वाढली. हिराबाईंनी तिकीट लावून स्वतंत्र जाहीर मैफली करण्याचे धाडस दाखवले आणि घरंदाज स्त्रीने व्यासपीठावर बसून गाणे महाराष्ट्रात प्रतिष्ठेचे केले. १९७० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. सुरेशबाबू मैफलींत फारसे रमले नाहीत, पण शिक्षक म्हणून ते अद्वितीय होते. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे आणि प्रभा अत्रे यांना त्यांचे मार्गदर्शन लाभले. १९५३ मध्ये पुण्यातच सुरेशबाबूंचे निधन झाले, आणि १९८९ मध्ये हिराबाईंचे. ज्या शहरात बापाने शिष्यांसाठी घर उघडले होते त्याच शहरात त्याच्या मुलांनी, त्याचे नाव न लावता, त्याचाच सूर दुसऱ्यांच्या मुलांना दिला.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी खाँसाहेब मद्रासहून रेल्वेने पाँडिचेरीकडे निघाले होते. वाटेत छातीत दुखू लागल्याने ते सिंगपेरुमाळकोइल या छोट्या स्थानकावर उतरले. बरोबरच्या शिष्यांनी फलाटावर अंथरूण घातले. खाँसाहेबांनी तंबोरा जुळवायला सांगितला आणि दरबारी कानड्यात ईश्वराची प्रार्थना गायली. ती संपली आणि थोड्याच वेळात प्राणही गेला. घरापासून शेकडो मैल दूर, आडगावच्या स्थानकावर, ना पत्नी जवळ ना मुले. मात्र सुरात लागलेला तंबोरा जवळ होता.

मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले. उरुसाच्या निमित्ताने तेथे त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा भरते आणि देशातले गवई मानधनाचा विचार न करता हजेरी लावतात. कोणत्या धर्माचा, कोणत्या घराण्याचा, असे तेथे कोणी विचारीत नाही. ज्याच्या संसाराला समाजाने नावाचा आणि धर्माचा हिशेब मागितला, त्याच्या कबरीपाशी तो हिशेब आपोआप मिटलेला असतो.

खाँसाहेबांच्या तबकड्या पुढे दीर्घवादनाच्या तबकडीवर, मग ध्वनिफितीवर आणि सीडीवर आल्या; आता त्या भ्रमणध्वनीवरही ऐकता येतात. सुईची खरखर मात्र प्रत्येक नव्या रूपात त्यांच्याबरोबर आली आहे. त्या खरखरीमागून, फार दुरून आल्यासारखा, तो बारीक आवाज झिंझोटीच्या खर्जात उतरतो आणि आपण हातातले काम थांबवतो. तीन मिनिटांत गाणे संपते. वाट पाहणे संपत नाही.